फेसलिफ्टनंतर आईला सांभाळायचं आहे: नेमकं कशाला जपायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका ताईंच्या आईचं, वय ६१, पुढच्या महिन्यात मुंबईत फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल पडलेली त्वचा घट्ट करायचं ऑपरेशन, आणि सोबत मानेचंही तसंच ऑपरेशन ठरलं आहे. आईंना बरीच वर्षं बीपीची गोळी चालू आहे. एक रात्र हॉस्पिटलमध्ये, दोन-तीन दिवस मुंबईतच नातेवाइकांकडे आणि मग मुलीच्या घरी, असा बेत आहे. हातात दोन पानी छापील कागद आहे. 'डोकं उंच ठेवा, वाकू नका, उष्णता टाळा' एवढं त्यात लिहिलंय, पण का ते लिहिलेलं नाही. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे त्यांना हवंय. शिवाय ऑपरेशननंतर अडीच महिन्यांनी घरात लग्न आहे.

ताई, मी प्लास्टिक सर्जन आहे, पंचवीस वर्षं हे काम करतोय. 'का' ते एकदा कळलं की कागद पाठ करावा लागत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

या ऑपरेशनमध्ये कानाच्या पुढून छेद निघतो, पाळीखालून वळून कानामागे जातो आणि केसांत शिरतो. तिथून गालाची आणि मानेची त्वचा खालच्या थरापासून सुटी करतात. तिच्याखाली एक पातळ पण चिवट आवरण असतं. मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी १९७६ साली त्याचं नीट वर्णन केलं. आम्ही त्याला 'स्मास' म्हणतो. खरी ओढ द्यायची ती या आवरणाला. त्वचा त्यावर नुसती पसरायची आणि उरलेली कापून टाके घालायचे.

आता ही सुटी झालेली त्वचा जगते कशावर? खालून येणाऱ्या रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात. रक्त येतं ते फक्त पुढून, नाक-ओठांच्या बाजूने, त्वचेतल्या बारीक जाळ्यातून. तुम्ही नाशिकच्या, म्हणजे पाटाचं पाणी तुम्हाला सांगायला नको. कानामागची त्वचा म्हणजे पाटाच्या अगदी शेवटाला असलेलं शेत. पाणी पोचतं, पण जेमतेम. वाटेत कोणी थोडं जरी अडवलं तरी पहिलं करपतं ते हेच शेत. खालून नव्या वाहिन्या जुळायला आठवडा-दहा दिवस लागतात. तुमच्या कागदावरच्या बहुतेक सूचना या दहा दिवसांत ते पाणी कोणी अडवू नये म्हणून आहेत.

अडवणाऱ्यांत पहिला नंबर त्वचेखाली साचलेल्या रक्ताचा. फेसलिफ्टनंतर सगळ्यात जास्त दिसणारी गुंतागुंत हीच, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत होते. एखादी बारीक रक्तवाहिनी पुन्हा उघडते, रक्त साचतं, त्वचा खालून फुगते आणि ताणलेल्या त्वचेतलं रक्त फिरायचं थांबतं. वेळेत उघडून काढलं तर बहुतेकदा पुढे काही त्रास राहत नाही. रात्रभर तसंच राहिलं तर वरची त्वचा काळी पडू शकते.

याचा धडा मला एका बाईंनी दिला. निवृत्त शिक्षिका होत्या, बीपीच्या पेशंट. ऑपरेशन सकाळी छान झालं. संध्याकाळी साडेसातला मी पाहिलं तेव्हा दोन्ही गाल सारखे होते. साडेनऊच्या सुमारास त्यांनी नर्सला सांगितलं, "उजवीकडे आवळल्यासारखं वाटतंय, तोंड उघडत नाही." ड्युटीवरच्या मुलीने दुखणं समजून वेदनाशामक इंजेक्शन दिलं. बाई सोशिक, पुन्हा बोलल्या नाहीत. त्यांच्या सुनेने मात्र मला थेट फोन केला, म्हणाली, "डॉक्टर, डावा गाल मऊ आहे, उजवा कच्च्या पपईसारखा लागतोय." मी पोचलो तेव्हा उजव्या कानापुढची कातडी चकाकत होती आणि जांभळट झाली होती. तिथेच पलंगावर कानामागचे चार टाके कापले. जांभळाच्या गरासारखं साकळलेलं रक्त बाहेर आलं आणि बाईंनी लगेच मोकळा श्वास सोडला. मग त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन वाहिनी बंद केली. त्वचा वाचली. नंतर केसपेपर चाळताना कळलं की सकाळी 'उपाशी राहायचं' म्हणून त्यांनी बीपीची गोळीही घेतली नव्हती. आमच्यापैकी कोणी स्पष्ट सांगितलंच नव्हतं. ती चूक आमची, म्हणजे माझीच.

तेव्हापासून नातेवाइकांना मी दोन गोष्टी शिकवतो. पहिली, दोन्ही बाजूंची तुलना. फेसलिफ्टनंतर सूज येणारच, पण ती साधारण दोन्हीकडे, हळूहळू आणि मऊ येते. एकाच बाजूला, तासा-दोन तासांत वाढत जाणारी, घट्ट, दुखरी सूज आली तर ती 'नॉर्मल' नाही. या ऑपरेशनमध्ये दुखणं मुळात फार नसतं. ताणल्यासारखं, जड वाटतं, एवढंच. म्हणून एका बाजूचं ठणकणारं दुखणं गोळी देऊन झाकायचं नाही, आधी सर्जनला फोन. दर तीन-चार तासांनी, दिव्याच्या एकाच उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. डोळ्यांना न जाणवलेला फरक दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसतो. कानाजवळ आत झिरपणारं रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी आणि ते साठवणारा रबरी फुगा असेल, तो साधारण दुसऱ्या दिवशी निघतो. फुग्यात फारसं आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजू नका. साकळलेलं रक्त नळीतून येत नाही.

दुसरी गोष्ट बीपीची. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कोणती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती नाही, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून नाव घेऊन लिहून आणा. बीपीच्या काही गोळ्या त्या दिवशी मुद्दाम थांबवतात, काही अजिबात चुकवायच्या नसतात, त्यामुळे अंदाज नको. नंतर बीपी उसळायची कारणं अगदी साधी असतात. उलटी, खोकला, संडासला कुंथणं, घाबरणं, आणि लोकांच्या लक्षात न येणारं एक म्हणजे तुंबलेली लघवी. भुलेनंतर मूत्राशय भरतं पण लघवी होत नाही, बाई लाजेने बोलत नाहीत, आणि बीपी चढत जातं. ऑपरेशननंतर सहा तासांत लघवी झाली का, हे तुम्हीच विचारा. मळमळ सुरू होताच सांगा, उलटीची वाट पाहू नका. वरचा आकडा १४० च्या आत राहावा असा आमचा प्रयत्न असतो. आईंसाठीची मर्यादा त्यांच्या सर्जनकडून लिहून घ्या आणि घरी बीपीचं मशीन ठेवा.

औषधांचं म्हणाल तर अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. डोकं दुखलं की घरात पटकन सापडणारी गोळी बहुतेक यांपैकीच असते, म्हणून आईंचा औषधांचा डबा आधी उलटा करून बघा. पॅरासिटामॉल चालतं, पण दुसऱ्या गोळीतही तेच असेल तर डोस दुप्पट होतो, तेवढं तपासा. माशाच्या तेलाच्या आणि व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, कोणीतरी दिलेलं चूर्ण, हे सगळं सर्जनला सांगा. बहुतेक आम्ही दोन आठवडे आधी बंद करतो. जेवणातल्या लसणाच्या फोडणीने काही होत नाही. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र ती आपल्या मनाने बंद करू नका, माझ्या सांगण्यावरूनही नाही. तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांनी आणि सर्जननी मिळून घ्यायचा असतो.

आता एक नाजूक विषय. आई मशेरी लावतात का?

हा प्रश्न मी प्रत्येक बाईला विचारतो, आणि नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारतो. 'तंबाखू खाता का' असं विचारलं की उत्तर 'छे, छे' असतं, आणि ते खोटंही नसतं. मशेरी ती दात घासायची, तिला कोण तंबाखू म्हणतं? पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं. निकोटिनने त्या बारीक वाहिन्या आवळतात, म्हणजे पाटाचं दार अर्धं लावल्यासारखं. १९८४ साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फेसलिफ्टनंतर त्वचा मरण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळपास १२ पट दिसली होती. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मशेरी, तपकीर, विडी, गुटखा, सगळं बंद हवं. निकोटिनची च्युइंगगम आणि पट्टीसुद्धा त्यातच धरा. आई लावत असतील आणि पुढच्या महिन्यापर्यंत सुटत नसेल, तर तारीख पुढे ढकला. सर्जन रागावणार नाहीत. रागावले तर सर्जन बदला.

घरी आणल्यावर पहिली व्यवस्था पलंगाची. पाठीवर झोपायचं, कंबरेपासून वरचा भाग तीस-चाळीस अंश उचललेला. इथे हमखास एक चूक होते. लोक डोक्याखाली तीन उशा घालतात. त्याने डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते, मानेला वळी पडते आणि तिथली त्वचा दुमडते. पाठीखाली गादीची घडी घाला किंवा गादीच्या खाली लोड सरकवा. उतार पाठीला हवा, मानेला नको. मोबाइल मांडीत धरून मान खाली घालून बघणंही याच कारणाने बंद. कुशीवर वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना तक्के लावा.

जाता जाता एक गंमत. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका ऑपरेशनचं वर्णन छापून आलं. कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक एका कुंभाराने कपाळाची त्वचा वळवून नवं केलं होतं. युरोपातल्या सर्जननी ते वाचून हे काम पुन्हा हाती घेतलं. त्यात नंतरच्या काळजीचं वर्णनही आहे. पेशंटला पाच-सहा दिवस पाठीवर झोपवायचं आणि जखमेवर तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. पाठीवर झोपवणं आम्ही आजही करतो. तुपाच्या जागी मलम आलं, म्हणून घरचं तूप, हळद, खोबरेल तेल किंवा कोरफड टाक्यांवर लावू नका.

डोक्याभोवतीच्या पट्टीत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. घट्ट पट्टीने सूज कमी होत नाही, आणि तिच्याखाली दडलेलं रक्त दिसत नाही. आई चष्मा वापरत असतील तर त्याची काडी नेमकी टाक्यांवर बसते. पहिले दहा-बारा दिवस काडीखाली गॉझची मऊ घडी ठेवा, किंवा टीव्हीपुरता चष्मा हाताने धरू द्या.

बर्फ कधी थेट लावू नका. सर्जननी सांगितलं असेल तर ओल्या रुमालात गुंडाळून, तेही थोडा वेळ. गरम पाण्याची पिशवी, वाफ, केस वाळवायचं गरम ड्रायर, काहीच नको. कारण गाल आणि कान बधिर असतात. पोळलेलं आईंना कळणारच नाही. मी गालावर गरम पिशवीने आलेले फोड पाहिलेत, आणि पेशंट म्हणत होती, "मला तर काहीच जाणवलं नाही."

केस साधारण दोन-तीन दिवसांनी, सर्जनच्या परवानगीने, कोमट पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुता येतात. बसवून धुवा, मान मागे किंवा पुढे मोडायला लावू नका. वाळलेलं रक्त पाण्याने मऊ होऊन निघतं, नखाने काढू नका. पहिल्या धुण्याला शेकडो केस गेल्यासारखे वाटतील. त्यांतले बरेच आधीच तुटलेले, पट्टीत अडकलेले असतात. ब्लाउज, गाऊन, जे घालाल ते पुढून उघडणारं हवं, डोक्यावरून काढायचं नको.

जेवण मऊ. गुरगुट्या भात, वरण, मुगाची खिचडी, दही, शिरा. भाकरी, चकली, सुपारी, जबडा दमेल असं काही आठवडाभर नको. मीठ कमी, म्हणजे पापड-लोणचं बाजूला, सूज लवकर उतरते. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी भरपूर आणि विचारून इसबगोल. त्याच दिवशी संध्याकाळी धरून का होईना, खोलीत चालवा. झोपून राहिल्याने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. पोटरी एकीकडेच सुजली, दुखली किंवा दम लागला तर चेहऱ्याचा विचार सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा. मुंबईहून नाशिकला येताना गाडी मध्ये दोनदा थांबवा, आईंना पाच मिनिटं चालवा, कसारा घाटातली वळणं सावकाश घ्यायला ड्रायव्हरला सांगा. आणि ड्रेन काढून, सर्जननी पुन्हा तपासल्याशिवाय निघू नका. रक्ताची गाठ इगतपुरीत लक्षात येणं कोणालाच परवडणार नाही.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट दिसतो. सूज ४८ ते ७२ तासांत शिगेला पोचते, डोळे बारीक होतात, निळे-पिवळे डाग गळ्यावरून छातीपर्यंत उतरतात. रक्त खाली उतरतं, एवढाच त्याचा अर्थ. नेमकं याच सुमारास बाई रडतात. "कशाला केलं हे या वयात?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकू आलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं. भूल उतरलेली असते, झोप झालेली नसते, आरशातला चेहरा ओळखीचा नसतो. समजूत घालत बसू नका. फक्त "तिसऱ्या दिवशी असंच होतं, डॉक्टर म्हणाले होते" एवढं म्हणा. पंधरा दिवस पाहुणे बंद. मावशींना 'दातांचं काम झालंय' असं सांगायचं की खरं सांगायचं, हे आईंना ठरवू द्या. त्यांच्या वतीने तुम्ही ठरवू नका. मात्र उदासी दोन-तीन आठवडे हटलीच नाही, जेवण-झोप गेली, तर सर्जनला सांगा. तेही आमचंच काम आहे.

कानापुढचे टाके बहुतेक पाच ते सात दिवसांत निघतात, कानामागचे आणि केसांतले दहाव्या दिवसाच्या आसपास. कानाची पाळी बधिर राहणं फार सामान्य आहे. तिथून जाणारी नस वरवरची असते, ताणली जाते. संवेदना परत यायला महिने लागतात, आणि येताना मुंग्या, खाज, मधूनच विजेसारखी चमक जाणवते. ऑपरेशननंतर लगेच ओठ एकीकडे वाकडा दिसला तर बऱ्याचदा तो सुन्न करायच्या इंजेक्शनचा परिणाम असतो आणि काही तासांत जातो. दुसऱ्या दिवशीही हसताना ओठ वाकडा असेल तर सर्जनला दाखवा. ओठ हलवणारी नस नुसती ताणलेली असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, पण नोंद झालेली बरी. डोळा पूर्ण मिटत नसेल तर मात्र त्याच दिवशी फोन करा.

फोन करण्यासारखं आणखी म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ताप, वाढती लाली, पू किंवा घाण वास. चेहऱ्याला रक्तपुरवठा मुळात भरपूर, त्यामुळे पू होणं तसं कमीच. कानामागे पाण्याच्या फुग्यासारखं मऊ काही लागलं तर ओपीडीत सुईने काढतात. कानामागे त्वचा काळपट पडून खपली धरली तर ती दाखवा, पण सोलू नका. छोटी खपली तिच्याखाली त्वचा भरली की आपोआप सुटते. ओढली तर व्रण रुंद होतो.

दोन आठवडे वाकून काम, बादली उचलणं, नातवाला कडेवर घेणं बंद. देवासमोर वाकून नमस्कारही नको, उभ्याने हात जोडलेले देवाला चालतात. साधं चालणं वाढवत न्या. सूर्यनमस्कार, कपालभाती आणि डोकं खाली जाणारी आसनं साधारण सहा आठवडे नाहीत. व्रण दोन-तीन महिने लाल राहतो आणि आपल्या सावळ्या कातडीवर उन्हाने काळा पडतो, म्हणून ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन आणि डोक्यावरून पदर किंवा ओढणी. व्रण पूर्ण फिका व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं.

लग्नाला अडीच महिने म्हणता, तर पुरेसे आहेत. त्यापेक्षा कमी असते तर मी थांबायला सांगितलं असतं. तोवर सूज बहुतेक उतरलेली असेल, जवळून पाहणाऱ्याला गाल किंचित ताठ वाटला तर वाटला. केस रंगवायचे असतील तर सहा आठवड्यांआधी नाही, आणि आधी व्रणापासून लांब एका ठिपक्यावर लावून बघा. पाळी अजून बधिर असेल, त्यामुळे जड झुमके आणि सोन्याचे वेल यंदा डब्यातच राहू द्या. पाळी ओढली गेली तरी आईंना समजणार नाही, आणि जखम नवी असताना लोंबती राहिलेली पाळी पुन्हा वर करणं कटकटीचं असतं. हलक्या कुड्या चालतील. नथीला काहीच हरकत नाही, नाकाला आम्ही हातही लावलेला नसतो.